मराठवाड्यातील फळे व भाजीपाला क्षेत्राची आर्थिक असुरक्षितता तालुकानिहाय कशी मोजावी?

गोदाकाठ (परभणी)

नमस्कार. गेले काही महिने एका प्रश्नावर काम करत आहे आणि एका जागी अडलो आहे, म्हणून हा धागा काढत आहे. मराठवाड्यातील आठ जिल्ह्यांच्या ७६ तालुक्यांपैकी कोणत्या तालुक्याचे अर्थकारण फळे आणि भाजीपाल्यावर इतके अवलंबून आहे की एक दुष्काळ, एक गारपीट किंवा एक निर्यातबंदी त्याला खाली आणील, हे आकड्यांत मांडायचे आहे. कापूस आणि सोयाबीनबद्दल पुष्कळ लिहिले जाते. मोसंबी, मिरची, कांदा, सीताफळ, केळी, केशर आंबा यांवर जगणाऱ्या गावांचा असा हिशेब मात्र सहसा कोणी एकत्र मांडत नाही.

पद्धतीबद्दल थोडक्यात सांगतो. हवामान बदलावरील आंतरशासकीय समितीने २००७ च्या अहवालात असुरक्षिततेचे तीन भाग मानले होते. आघात किती आणि किती वेळा येतो हा पहिला, आघात आल्यावर नुकसान किती खोलवर जाते ही संवेदनशीलता हा दुसरा, आणि सावरण्याची ताकद हा तिसरा. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने २०१३ मध्ये देशातील ५७२ जिल्ह्यांचा जो नकाशासंग्रह काढला, तो याच चौकटीवर उभा आहे. प्रत्येक निर्देशकाला किमान आणि कमाल मूल्यांच्या मधे शून्य ते एक या पट्टीवर बसवायचे, त्यांना भारांक (महत्त्वानुसार वजन) द्यायचे आणि बेरीज करायची, अशी ती रीत आहे.

त्या कामाबद्दल मला आदर आहे, पण आपल्या कामासाठी जिल्हा हे एकक फार मोठे पडते. प्रादेशिक असमतोल तपासणाऱ्या १९८४ च्या दांडेकर समितीने जिल्हा हे एकक आणि राज्याची सरासरी हा मापदंड धरून अनुशेष काढला, तेव्हापासून आपल्याला जिल्ह्याच्या सरासरीत विचार करण्याची सवय लागली आहे. प्रत्यक्षात जालना जिल्ह्यातच गोदावरीच्या कालव्याखालचा अंबड-घनसावंगीचा पट्टा आणि विहिरींवर विसंबलेला बदनापूरचा पट्टा यांचे नशीब वेगळे असते. दोन्हींची सरासरी काढली की जो आकडा हाती येतो, त्या आकड्याचे गाव जालना जिल्ह्यात कुठेही सापडत नाही.

मी पहिल्या कच्च्या आराखड्यात तीन गोष्टी धरल्या. एक, तालुक्याच्या फळे-भाजीपाला क्षेत्रात एकाच पिकाचा वाटा किती, यासाठी हर्फिंडाल निर्देशांक, म्हणजे प्रत्येक पिकाच्या वाट्याच्या वर्गांची बेरीज. एखाद्या तालुक्यात एकाच पिकाचा वाटा ८० टक्के आणि दुसऱ्याचा २० टक्के असेल तर हा निर्देशांक ०.६८ येतो, चार पिकांत सारखी वाटणी असेल तर ०.२५ येतो. दुसरी गोष्ट भावातील आणि उत्पन्नातील अस्थिरता. तिच्यासाठी कडी आणि डेला व्हॅले यांनी १९७८ मध्ये सुचवलेले माप घेतले, कारण साध्या चलन गुणांकात (सरासरीच्या तुलनेत चढउतार किती, या मापात) दीर्घकालीन चढसुद्धा अस्थिरता म्हणून मोजला जातो आणि हे माप तो चढ वगळते. तिसरी गोष्ट सिंचन, रस्ता, बाजाराचे अंतर, शीतगृह आणि बँक शाखा या सोयी.

अडचण अशी की या हिशेबाने टोमॅटो आणि कांद्याचे तालुके सर्वांत असुरक्षित ठरतात आणि मोसंबीचे तालुके यादीच्या मध्याखाली जातात. गणित पुन्हा पुन्हा तपासले, त्यात चूक नाही. तरीही ज्यांनी २०१२-१३ च्या दुष्काळातला उन्हाळा जालना जिल्ह्यात पाहिला आहे, त्यांना ही यादी दाखवण्याचे धाडस मला होत नाही. माझे माप कुठे चुकते आहे, हे जाणकारांनी सांगावे.

बदनापूरकर

गोदाकाठ सर, आपण यादी दाखवली नाहीत ते योग्यच केले. आमच्या घरी दोन पिढ्या न्यूसेलर जातीची मोसंबी आहे, म्हणून जे पाहिले ते सांगतो.

मोसंबीचा भाव टोमॅटोसारखा आठवड्यात निम्म्यावर येत नाही हे खरे आहे, म्हणून आपल्या मापात ती स्थिर दिसते. पण त्या भावाच्या यादीत कोणाचा भाव नोंदला जातो, हे पाहावे. ज्याच्याकडे फळ होते आणि ज्याने ते विकले, त्याचाच. २०१२-१३ मध्ये ज्यांच्या बागा वाळल्या, त्यांच्या नावाने पुढची चार-पाच वर्षे बाजारात एकही पट्टी (विक्रीची पावती) फाटली नाही. माल कमी आल्यामुळे उरलेल्यांना भाव बरा मिळाला आणि आकडेवारीत मोसंबी सुखरूप राहिली. गेलेले शेतकरी हिशेबातूनच गेले.

त्या उन्हाळ्याचा एक हिशेब मांडतो. सहा मीटर बाय सहा मीटर लागवड असेल तर एकरी ११०-११२ झाडे बसतात. झाड केवळ जगवण्यासाठी, फळासाठी नव्हे, एका पाळीला १०० लिटर पाणी द्यायचे म्हटले तरी एकराला ११ हजार लिटर, म्हणजे साधारण एक टँकर लागतो. चार एकर बागेला चार टँकर, आणि अशा पाळ्या मार्चपासून पहिल्या पावसापर्यंत. वडिलांनी मार्चमध्ये टँकर सुरू केले, एप्रिलमध्ये निम्म्या बागेचे पाणी तोडून उरलेल्या निम्म्या बागेला दिले, आणि मे महिन्यात आईचे दागिने सोनाराकडे ठेवून आणखी तीन आठवडे काढले. खोडाची साल नखाने खरवडून आत हिरवे दिसते का, हे ते रोज सकाळी पाहत. पूर्वेच्या ओळींत हिरवे दिसेनासे झाले त्या दिवशी त्यांनी टँकरवाल्याला येऊ नको म्हणून सांगितले. जूनमध्ये झाडे तोडली आणि लाकूड सरपण म्हणून दिले.

त्यानंतर पुन्हा लागवड केली. नव्या झाडाला विकण्याजोगे फळ यायला पाच वर्षे लागतात. मध्येच २०१५-१६ चा दुष्काळ आला, ज्या वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. जायकवाडी धरण दोन्ही वेळा मृतसाठ्यात गेले होते, त्यामुळे कालव्याखालच्या लोकांचीही सुटका झाली नाही. त्यांची झाडे वाचण्याचे प्रमाण आमच्यापेक्षा बरे होते, इतकाच फरक.

टोमॅटोवाल्याचा तोटा मोठा असतो आणि मी तो कमी लेखत नाही. पण तीन महिन्यांनी त्याच्या हातात नवे पीक असू शकते. आमच्याकडे तोटा कॅलेंडरच्या पाच पानांवर पसरतो. आपल्या मापात हा काळ कुठेच दिसत नाही.

आणखी एक. मोसंबीला वर्षात फळधरणीचे वेगवेगळे बहार असतात. अंबिया बहाराचे फळ जानेवारी-फेब्रुवारीत धरते आणि ऑगस्टनंतर उतरते, म्हणजे फळ पोसायचे दिवस नेमके विहिरी तळाला जाण्याचे दिवस असतात. मृग बहारात पाण्याची ओढ तुलनेने कमी, पण पावसाने ओढ दिली तर फुलोऱ्यासाठी पाणी तोडून झाडाला दिलेला ताण वेळेवर तुटत नाही. म्हणून केवळ ‘मोसंबीखालील क्षेत्र’ न धरता कोणत्या बहाराचे क्षेत्र किती, हे घेतले तर पाण्याची जोखीम कळेल.

भोकरदनची मिरची

सर्वांना नमस्कार. बदनापूरकर दादांचे म्हणणे पटले, पण मला आणखी एक बाजू मांडायची आहे. आपण ‘क्षेत्राची असुरक्षितता’ म्हणतो तेव्हा जमीन ज्याच्या नावावर आहे त्याचीच मोजदाद करतो. भाजीपाल्यात राबणारे पुष्कळ हात दुसऱ्याच्या रानात राबतात.

भोकरदन आणि सिल्लोड या दोन तालुक्यांत उन्हाळ्यात ठिबक आणि मल्चिंगवर (प्लास्टिकच्या आच्छादनावर) हिरवी मिरची लावतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी तोडे सुरू होतात. पिंपळगाव रेणुकाईचा बाजार यावरच उभा आहे आणि तिथून माल परराज्यांत जातो. तोडणी बायका करतात, मजुरी किलोवर ठरते. मी स्वतः आठ वर्षे तोडणीला गेले आहे आणि आता आमची बारा जणींची टोळी सांभाळते. सकाळी सातला रानात शिरायचे, दुपारी दोनच्या सुमारास बांधावर तराजू लागतो, प्रत्येकीचे पोते लोखंडी आकड्याला अडकवले जाते आणि मालक वही धरून बसतो. संध्याकाळपर्यंत आंगठ्याच्या आणि तर्जनीच्या टोकाला इतकी आग होते की भाकरी थापताना पीठ लागले तरी सहन होत नाही. हळद-तेल लावून झोपायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे.

भाव पडला की काय होते ते सांगते. मालकाला बाजारात मिळणारी रक्कम तोडणी, वाहतूक आणि हमालीपेक्षा कमी झाली की तो तोडा थांबवतो. मिरची झाडावर लाल होऊ देतो किंवा रान मोकळे करतो. त्याचे त्या तोड्याचे उत्पन्न जाते आणि आमचे काम जाते. मालकाकडे निदान सोयाबीन किंवा मका असतो. टोळीतल्या सात जणींकडे जमीनच नाही. कोकडा रोग येऊन झाडे आखडली, तरी तेच होते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा भाजीपाला वाहतुकीला परवानगी होती, पण आम्हाला दुसऱ्या गावच्या रानात जायला वाहन नव्हते. कागदावर बाजार सुरू होता, आमच्या चुली मात्र त्यावर पेटत नव्हत्या.

म्हणून माझी सूचना अशी आहे की तालुक्याच्या मापात ‘प्रति एकर किती मजूर-दिवस’ हा निर्देशक यावा, आणि त्यातले किती दिवस भूमिहीन कुटुंबांच्या वाट्याला येतात हेही यावे. मिरचीचा तालुका आणि डाळिंबाचा तालुका यांचा पैशातला तोटा सारखा दिसला, तरी मिरचीचा तोटा कितीतरी जास्त घरांत वाटला जातो.

लासूरस्टेशन

वैजापूर-गंगापूरकडील कांद्याबद्दल थोडे लिहितो. गोदाकाठ सरांच्या हिशेबात कांदा वर येतो आणि तो यावाच, पण कारण नीट समजून घ्यावे लागेल. इथला आघात बऱ्याचदा आभाळातून येत नाही, अधिसूचनेतून येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले, डिसेंबर २०२३ मध्ये पूर्ण बंदी आली, ती ४ मे २०२४ रोजी उठली तेव्हाही टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क कायम राहिले, आणि शुल्काचा शेवटचा हिस्सा १ एप्रिल २०२५ पासून गेला. निर्णय साऱ्या देशाला एकच लागू होता, फटका मात्र सर्वांना सारखा बसला नाही.

ज्याच्याकडे उन्हाळी कांदा आणि चाळ (कांदा साठवण्याची हवेशीर शेड) आहे, तो चार-पाच महिने थांबू शकतो. ज्याच्या विहिरीला जानेवारीनंतर पाणी नसते, तो खरिपाचा किंवा लेट खरिपाचा लाल कांदा करतो. हा कांदा टिकत नाही, काढला की विकावाच लागतो, आणि तो नेमका नोव्हेंबर ते फेब्रुवारीत बाजारात येतो. डिसेंबर २०२३ ची बंदी याच शेतकऱ्याच्या मानेवर पडली. तेव्हा ‘कांद्याखालील क्षेत्र’ असा एकच आकडा न घेता लाल कांदा आणि उन्हाळी कांदा असे दोन आकडे घ्या आणि त्यांच्यासोबत चाळींची साठवणक्षमता घ्या. कमी पाण्याचा तालुका धोरणाच्या आघातालाही जास्त उघडा असतो, हे त्यातून दिसेल.

गोदाकाठ (परभणी)

तिघांचेही मनःपूर्वक आभार. बदनापूरकरांनी दाखवलेली चूक गंभीर आहे आणि ती माझ्या लक्षात यायला हवी होती. बाजारभावाची मालिका ही टिकून राहिलेल्यांची मालिका असते. तिच्यावरून अस्थिरता मोजता येते, उद्ध्वस्त होणे मोजता येत नाही. या दोन गोष्टी मी एकच धरून चाललो होतो.

आकड्यांत बदल कसा करावा याचा विचार केला. समजा एका तालुक्यात मोसंबीचा आणि दुसऱ्यात टोमॅटोचा फळे-भाजीपाला उत्पन्नातील वाटा प्रत्येकी ०.६ आहे. बाग गेली तर उत्पन्न परतायला ५ वर्षे, टोमॅटो गेला तर अर्धे वर्ष. वाटा गुणिले भरपाईचा काळ असा गुणाकार केला तर पहिल्याचे ३.० आणि दुसऱ्याचे ०.३ येते, म्हणजे दहापटीचा फरक. या एका स्तंभाने यादी उलटी होते. या निर्देशकाला मी ‘सावरण्याची वर्षे’ असे नाव देऊ इच्छितो.

माहितीच्या स्रोतांबद्दलही लिहायला हवे. आवक आणि भाव यांसाठी मी बाजार समित्यांच्या नोंदींवर विसंबलो होतो. परंतु २०१६ मध्ये राज्य शासनाने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून वगळला, त्यानंतर बांधावर आणि गावातल्या खासगी काट्यावर होणारी विक्री या नोंदींत येणे बंधनकारक राहिले नाही. म्हणजे २०१६ नंतर आवक घटलेली दिसली तर ती उत्पादनातील घट असेलच असे नाही. क्षेत्रासाठी २०२१ पासूनची ई-पीक पाहणी (मोबाईलवरून केलेली पीकनोंद) गटनिहाय उपलब्ध आहे आणि ती चांगली सोय झाली आहे, मात्र त्याआधीचा काळ सातबाऱ्यावरून काढावा लागतो. बदनापूरकर, तोडलेल्या बागा सातबाऱ्यावर किती काळ राहतात, याबद्दल आपला काय अनुभव आहे?

बदनापूरकर

आमच्या स्वतःच्या उताऱ्यावर तोडलेली बाग पुढची तीन वर्षे उभी होती. त्या रानात त्या काळात आम्ही कापूस घेत होतो. शेजाऱ्यांचेही तसेच होते.

बालाघाट

मी अंबाजोगाई तालुक्यातील डोंगरपट्ट्यातला आहे आणि माझा विषय सीताफळ आहे. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, आणि अंबाजोगाईला परभणीच्या कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्रही आहे. तरीही या पिकाचा बराच मोठा भाग कोणत्याही कागदावर नाही. डोंगरउतारावर, गायरानात आणि बांधावर आपोआप वाढलेली झाडे असतात. धारूर, आष्टी, अंबाजोगाई या भागांत ऑक्टोबरच्या आसपास बायका-पोरे पहाटे पाट्या घेऊन डोंगरात जातात आणि सडकेच्या कडेला किंवा जवळच्या बाजारात फळ विकतात. हे उत्पन्न ना सातबाऱ्यावर येते, ना ई-पीक पाहणीत.

गोदाकाठ सरांची पद्धत माझ्या तालुक्याला लावली तर काय होईल? सिंचन कमी, शीतगृह नाही, रस्ते वळणाचे, म्हणून सावरण्याची ताकद कमी दिसेल आणि तालुका अत्यंत असुरक्षित ठरेल. त्यात खोटे काही नाही. पण सीताफळ हे झाड स्वतः फार काटक आहे. २०१५ च्या उन्हाळ्यात आमच्याकडे माणसांना टँकर लागले, सीताफळाला लागला नाही. ते पानगळ करून उन्हाळा काढते आणि पावसावर पुन्हा फुटते. लागवडीचा खर्च नाही, म्हणून कर्ज नाही, म्हणून पीक गेले तर बुडणारी रक्कमही नाही. बदनापूरच्या बागेइतका पैसा हे झाड कधी देणार नाही, आणि बदनापूरच्या बागेइतके कोणाला बुडवणारही नाही.

सीताफळाचा कच्चा दुवा वेगळा आहे. डोळा उघडला, म्हणजे खवल्यांमधल्या फटी रुंदावल्या, की फळ दोन-तीन दिवसांत मऊ पडते. त्या दोन दिवसांत गर काढण्याची सोय किंवा पुण्या-मुंबईकडे जाणारी गाडी मिळाली नाही तर दुपारनंतर मिळेल त्या भावाला द्यावे लागते. म्हणून शीतगृहाची ‘संख्या’ हा निर्देशक आमच्यासाठी निरर्थक आहे. तोडल्यापासून किती तासांत फळ ग्राहकाच्या बाजारात पोहोचते, हे मोजावे. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाल्यापासून जालना आणि संभाजीनगरचे हे तास कमी झाले असतील. आमच्या घाटातले झालेले नाहीत.

तेव्हा माझी विनंती अशी आहे की कमी सोयींचा तालुका आणि जास्त गुंतवणुकीचा तालुका यांना एकाच क्रमवारीत बसवू नये. एक जण उंचावरून पडतो, दुसरा आधीच खाली उभा आहे. दोघांनाही मदत हवी, पण ती सारखी असू शकत नाही.

आकडेमोड (लातूर)

चर्चा उत्तम चालली आहे. मी संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून मोजणीच्या बाजूने तीन मुद्दे मांडतो. पहिला थोडा लांबेल.

गोदाकाठ यांचा ‘सावरण्याची वर्षे’ हा निर्देशक मला फार मोलाचा वाटतो, परंतु त्यांच्या गुणाकारात आघाताची वारंवारता सुटली आहे. त्यांचेच उदाहरण पुढे नेतो. समजा बाग मारणारा दुष्काळ १० वर्षांतून एकदा येतो आणि टोमॅटोचा भाव दर दोन वर्षांनी एकदा कोसळतो. मग मोसंबीचे ०.६ × ५ × ०.१ = ०.३ आणि टोमॅटोचे ०.६ × ०.५ × ०.५ = ०.१५. दहापटीचा फरक दुपटीवर आला. मोसंबी अजूनही वर आहे, पण टोमॅटोवाल्याची व्यथाही आता दिसू लागली. मात्र इथे थांबू नये, कारण वार्षिक सरासरी तोटा सारखा असला तरी दहा वर्षांत एकदा येणारा मोठा घाव आणि दर दोन वर्षांनी येणारा लहान घाव यांना कुटुंब सारखेपणाने तोंड देऊ शकत नाही. लहान घाव उधारीवर निभावतो, मोठ्या घावात जमीन विकली जाते. म्हणून सरासरी तोट्याशेजारी ‘एका आघातातील सर्वांत मोठा तोटा, वार्षिक उत्पन्नाच्या किती पट’ असा स्वतंत्र स्तंभ ठेवावा आणि दोन्हींची बेरीज करू नये.

दुसरा मुद्दा बेरजेचा. निर्देशकांची साधी सरासरी काढली की एक चांगला निर्देशक दुसऱ्या वाईटाची भरपाई करतो. रस्ता उत्तम आणि पाणी शून्य असेल तर सरासरीत तालुका मध्यम ठरतो. प्रत्यक्षात उत्तम रस्त्याने झाडाला पाणी मिळत नाही. मानव विकास निर्देशांकात २०१० पासून साध्या सरासरीऐवजी गुणोत्तरीय सरासरी (घटकांचा गुणाकार करून त्याचे मूळ) वापरतात, त्यामागे हाच विचार आहे: एका घटकातील मोठी उणीव दुसऱ्यातील आधिक्याने झाकली जाऊ नये. सावरण्याच्या ताकदीसाठी आपणही तेच करावे. भारांकांबद्दल मी एवढेच म्हणेन की ते कोणत्याही रीतीने ठरवा, पण दोन-तीन वेगवेगळ्या रीतींनी क्रमवारी काढून पाहा. जे तालुके प्रत्येक वेळी वरच्या दहांत येतात त्यांच्याबद्दल ठामपणे बोला, आणि जे भारांक बदलले की वीस स्थाने हलतात त्यांच्याबद्दल बोलू नका.

तिसरा मुद्दा पडताळणीचा, आणि बहुतेक निर्देशांक इथेच लंगडे पडतात. आपल्याकडे दुर्दैवाने पडताळणीसाठी प्रसंगांची कमतरता नाही. २०१२-१३ चा दुष्काळ, फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट, २०१५-१६ चा दुष्काळ, आणि सप्टेंबर २०२५ ची अतिवृष्टी, जिच्यात धाराशिव, बीड, लातूर, जालना या भागांत पिकांबरोबर मातीही वाहून गेली. २०१२ पूर्वीच्या माहितीवर निर्देशांक काढा आणि पुढील प्रसंगांत जे तालुके खरोखर खाली बसले त्यांच्याशी तो जुळतो का पाहा. ‘खाली बसणे’ कशावरून ओळखायचे, तर पीककर्जाचे पुनर्गठन, पंचनाम्यातील बाधित फळबाग क्षेत्र, टँकरने पाणी पुरवलेली गावे आणि रोजगार हमीवरील मजुरांची उपस्थिती यांवरून. शेवटच्या आकड्यातून भोकरदनच्या ताईंचा मुद्दाही पकडता येईल: बाजार पडलेल्या महिन्यात रोहयोवर बायकांची संख्या वाढली का, हे तालुकानिहाय पाहता येते.

दुष्काळ आणि अतिवृष्टी यांसाठी एकच क्रमवारी येणार नाही, याचीही मनाची तयारी ठेवावी. नदीकाठची काळी जमीन दुष्काळात तारते आणि पुरात आधी जाते.

बदनापूरकर

आकडेमोड सरांनी पंचनाम्याचा उल्लेख केला, त्यावरून विम्याचे आठवले. सावरण्याच्या ताकदीत ‘विमा उतरवलेले क्षेत्र’ धरणार असाल तर एक काळजी घ्यावी. फळपिकांचा विमा हवामानावर आधारित आहे आणि गारपिटीचे जादा संरक्षण वगळता नुकसान प्रत्यक्ष बागेत मोजले जात नाही. महसूल मंडळाच्या (तालुक्यातील काही गावांच्या महसुली गटाच्या) हवामान केंद्रावर पाऊस, तापमान किंवा आर्द्रता ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली तरच भरपाई मिळते. केंद्र आमच्या शिवारापासून अकरा किलोमीटरवर आहे. एका वर्षी अवेळी आलेल्या जोरदार पावसाने आमची आणि लगतच्या तीन गावांची फळे जमिनीवर पडली आणि केंद्राच्या परिसरात साधा पाऊस झाला. तक्रार केली, पंचनामा झाला, कंपनीचे उत्तर आले की नोंद निकषात बसत नाही. हप्ता मात्र भरलेला होता आणि कागदावर आमचे सर्व क्षेत्र ‘विमासंरक्षित’ होते. तेव्हा विमा उतरवलेले क्षेत्र न घेता, आघाताच्या वर्षी ज्यांना रक्कम मिळाली त्यांचे प्रमाण घ्यावे.

लासूरस्टेशन

याला पूर्ण दुजोरा. चाळींबाबतही तसेच करा. अनुदानातून बांधलेल्या चाळींची संख्या घेऊ नका, कारण काही चाळींत आज कडबा आणि अवजारे आहेत. एप्रिल-मेमध्ये प्रत्यक्ष कांदा भरलेल्या चाळी मोजा.

गोदाकाठ (परभणी)

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिलेत की माझ्या आराखड्याचा सांगाडाच बदलला आहे. आता पुढील कामाची दिशा अशी ठरवतो आहे.

७६ तालुक्यांचा हट्ट सध्या सोडतो. आधी बदनापूर, भोकरदन, वैजापूर आणि अंबाजोगाई या चार तालुक्यांत माप तपासून घेईन, कारण मोसंबी, मिरची, कांदा आणि सीताफळ ही चार पिके चार वेगळ्या प्रकारांनी कोसळतात. एकक महसूल मंडळ धरेन. तिथे पावसाची नोंद असते आणि विम्याचाही निर्णय तिथेच होतो, त्यामुळे विम्यातील दरी त्याच पातळीवर दाखवता येईल. विहिरींच्या पाण्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींची नोंद घेईन, कारण आपल्या कठीण बेसाल्ट खडकात दोन शेजारच्या गावांच्या पाणीपातळीतही मोठा फरक असतो आणि केवळ पाऊस पाहून तो कळत नाही. सोयींची क्रमवारी आणि कोसळण्याची क्रमवारी वेगळ्या ठेवीन. बालाघाट यांचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. सरासरी तोटा आणि सर्वांत मोठा तोटा हेही दोन स्तंभ राहतील.

एक उणीव अजून भरून निघत नाही. मजुरीच्या दिवसांची तालुकानिहाय, पीकनिहाय नोंद मला कोणत्याही सरकारी तक्त्यात मिळाली नाही. विद्यापीठाच्या लागवड-खर्चाच्या अभ्यासांत एकरी मजूर-दिवस असतात, पण भाव पडल्यावर त्यांतले किती दिवस बुडाले, हे त्यांत नसते. शेतकऱ्यांकडे जुन्या पट्ट्या असतील तर तोडे कधी थांबले हे तारखांवरून काढता येईल. ज्यांच्याकडे २०१२ नंतरच्या पट्ट्या असतील त्यांनी नाव झाकून छायाचित्रे पाठवली तर मोठे काम होईल.

भोकरदनची मिरची

सर, पट्ट्या मालकांकडे असतात आणि पुष्कळ जण त्या ठेवत नाहीत. पण आमच्या टोळीची वही माझ्याकडे आहे. सहा हंगामांची आहे. तारीख, कोणाचे रान, प्रत्येकीचे किलो, किलोचा दर आणि मिळालेले पैसे, असे पाच रकाने आहेत. ज्या दिवशी काम झाले नाही त्या तारखेपुढे कारणही लिहिलेले आहे: पाऊस, लग्न, भाव पडला, कोकडा, मालकाने रान मोडले. पहिल्या दोन हंगामांचे अक्षर माझ्या मुलीचे आहे, ती तेव्हा सहावीत होती, त्यामुळे काही आकडे पुसट आहेत. ते मी तिला विचारून भरून देते. रविवारी बाजार नसतो, तेव्हा पाने एकेक करून फोटो काढते.